डाव्या पॅडमधली जादा पट्टी

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. क्रिकेटचा नव्हे हं, बर्फावरच्या हॉकीचा. त्या खेळात गोल अडवायला जी मुलगी उभी राहते, तिच्या डाव्या पायाला मला बांधतात, घोट्यापासून थेट मांडीपर्यंत. माझा एक जुळा भाऊ आहे, उजव्या पायाचा. तो स्वभावाने थंड. मी मात्र जन्माचा घाबरट. सध्या आम्ही दोघे ठाण्याजवळच्या दिवा गावात, रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्या दुकानात खिळ्याला टांगलेले असतो, आणि बाहेर एखाद्या रिक्षाने करकचून ब्रेक मारला तरी मी भिंतीला चिकटतो.

आता तुम्ही म्हणाल, दिव्यात कसला आलाय बर्फ! जिथे नळाला पाणी आलं की माणसं हातातलं काम टाकून पिंपं भरायला धावतात, तिथे बर्फावरचा खेळ कुणी काढला? तुमचं बरोबर आहे. मलाही इथे आलो तेव्हा हेच वाटलं होतं.

माझा जन्म कुठल्या तरी गार देशातल्या कारखान्यात झाला. तिथे मी बरीच वर्षं खेळलो, मार खाल्ला, फाटलो आणि एके दिवशी टाकून दिला गेलो. टाकलेल्या सामानाच्या एका खोक्यातून मी ठाण्याला जेरोम सरांकडे आलो. जेरोम सर हे ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती शेतकरी घराण्यातले. भाताची शेती कधीच गेली, तिथे इमारती झाल्या. पण सरांचा आवाज अजून शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. माजिवड्याला एका सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत ते मुलांना चाकांच्या स्केट्सवर हॉकी शिकवत. थोडी तयार झालेली मुलं मग नवी मुंबईतल्या एका मॉलमध्ये खऱ्या बर्फावर जात. त्या मुलांत उत्तरा होती. दिव्याची, उंच, हडकुळी, आणि तोंडातून हूं की चूं न काढणारी. गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं, ती राहिली. सरांनी आम्हाला तिच्या हातात दिलं तेव्हा आमच्या पोटातला स्पंज बाहेर लोंबत होता.

उत्तरा आम्हाला घेऊन थेट दगडूमामाकडे गेली. दगडूमामा म्हणजे तिची आई शालू हिचा थोरला भाऊ; हे सीटांचं दुकान त्याचंच. उत्तराचे वडील ती लहान असतानाच गेले. तेव्हापासून बहीण आणि भाची या दोघींवर मामाचा असा जीव, की उत्तराला शिंक आली तरी हा दुकान अर्धं बंद करून सुंठ शोधायला निघणार. मित्रांनो, माझ्यापेक्षा घाबरट जीव मी जगात एकच पाहिला, तो हा. मामाने आम्हाला उसवलं, नवा कडक फोम भरला आणि रिक्षाच्या सीटचं तांबडं रेग्झिन चढवलं. पट्टे लावले ते रिक्षाच्या ताडपत्रीचे. शिवण पिवळ्या दोऱ्याची, कारण मामाकडे दुसरा दोराच नसतो. जेरोम सरांनी टेप लावून आमची रुंदी मोजली, कारण या खेळात पॅड किती रुंद असावा याचा नियम फार कडक आहे. माप अगदी काठावर बसलं. सर मामाला म्हणाले की बास, आता याला हात लावू नका.

पुढे संघ निवडायच्या लडाखच्या शिबिरात आमच्यावर सगळ्या मुली हसल्या. उत्तरा बर्फावर उतरली की "रिक्षा आली, रिक्षा आली" असं ओरडायच्या. पण या रिक्षाने असे काही गोल अडवले की शिबिर संपेपर्यंत हसणं थांबलं, आणि मुलींच्या आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेच्या संघात तिचं नाव आलं. स्पर्धा बँकॉकला. उत्तरा राखीव गोली, म्हणजे गोलरक्षक होती. पुढच्या वर्षी तिचं ज्युनियरचं वय संपणार होतं, म्हणजे देशाच्या या संघातून बर्फावर उतरायची ही पहिली आणि शेवटची संधी. खुशीने माझं रेग्झिन तडतडायचं बाकी होतं.

आणि तिथेच सगळं बिघडलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी उत्तरा दुकानात आली होती. वरच्या फळीवरची बॅग काढायला ती स्टुलावर चढली आणि तिच्या ट्रॅक पँटचा डावा पाय वर सरकला. नडगीच्या बाहेरच्या अंगाला जांभळा-काळा डाग होता. सरावात पक तिथे बसला होता. पक म्हणजे जाड रबराची तळहाताएवढी चकती, दगडासारखी कडक. तो माझ्या कडेवरून निसटून तिला लागला होता आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात खजील होतो. मामाने विचारलं तर ती म्हणाली, काही नाही, स्टेशनच्या जिन्यावर आपटले. खरं सांगितलं असतं तर मामाने तिला विमानात बसू दिलं नसतं, असं तिला वाटलं असावं.

मामाने मान डोलावली. पण दुपारी उत्तरा आणि शालू स्वेटर घ्यायला ठाण्याला गेल्या, तसं त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि मला मांडीवर घेतलं. बाहेरच्या कडेची शिवण उसवली. एका सीटच्या पाठीतला चांगला घट्ट फोम कापून त्याची लांब पट्टी केली आणि माझ्या कडेला आतून बसवली. शिवताना पुटपुटत होता, "आता लागू दे बघू." उजव्याला त्याने हातही लावला नाही, कारण डाग डाव्या पायावर होता.

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. मामा, अरे माप! माप काठावर बसलंय! पण पॅडला कुठलं आलंय तोंड. शिवण पूर्ण झाली, मामाने माझ्यावरून मायेने हात फिरवला आणि मला बॅगेत घातलं. माझी रुंदी बोटभर वाढली होती.

विमानाच्या पोटात, अंधारात, मी उजव्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, झोप, आपण राखीव आहोत, आपल्याला कोण मोजतंय? आणि झालंही तसंच. पहिल्या सामन्यांत लडाखची यांगचेन गोलात उभी राहिली. तिचे पॅड कोरे करकरीत, परदेशी. ते मोजले गेले, पास झाले. उत्तरा बाकावर बसून टाळ्या वाजवायची. तिच्या डोळ्यांत आपल्याला एकदा तरी उतरायला मिळावं हे दिसत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, नको गं बाई, उतरू नकोस. तिचं भलं व्हावं असंही वाटायचं आणि होऊ नये असंही. काळजीने माणूस असा होतो हे मी पाहिलेलं आहे, पॅडही होतो.

शेवटचा सामना तिसऱ्या नंबरासाठी, यजमान संघाशी. त्याच सकाळी सरावात यांगचेनच्या मांडीचा स्नायू धरला. जेरोम सर संघाबरोबर मदतनीस म्हणून आले होते. ते उत्तराजवळ येऊन म्हणाले, "चल गो पोरी, तुझा नंबर आला."

मला पायाला बांधताना तिने एकच पट्टा तीनदा सोडून बांधला. तिला वाटलं ती एकटीच घाबरली आहे.

बर्फावर जाण्याआधी पंच बाई आल्या. त्यांच्या हातात पॅड मोजायची लोखंडी चौकट होती. उजवा त्यातून सहज पार झाला. माझी पाळी आली. मी श्वास आत ओढला, अंग चोरलं, जे जे करता येईल ते केलं. चौकट माझ्या पोटरीपाशी येऊन अडकली. बाईंनी पुन्हा लावून पाहिली, पुन्हा अडकली. त्यांनी मान हलवली. सामना सुरू होण्याआधी पॅड मापात आणा, नाहीतर ही मुलगी खेळणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

सरांचा चेहरा उतरला. माजिवड्याला त्यांनी स्वतः टेप लावून मोजलं होतं, मग फुगला कसा? कोपऱ्यात यांगचेन लंगडत उठली आणि गुपचूप आपले पॅड बांधायला लागली. उत्तरा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या कडेवरून बोट फिरवलं. जुनी शिवण मळून काळपट झाली होती, आणि ही नवी हळदीसारखी पिवळी. तिला काय कळायचं ते कळलं. तिने सरांचा फोन मागून घेतला आणि मामाला लावला.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"मामा, डाव्या पॅडमध्ये काही घातलंयस का?"

मग मामा म्हणाला, "तुला लागलेलं ना गं. मी पाहिलेलं."

"ते मला खेळू देत नाहीयेत. पॅड मापाबाहेर गेलाय."

मामाचा आवाजच फुटला. माझ्यामुळे पोरीचं गेलं, माझ्यामुळे गेलं, एवढंच तो बोलत राहिला. उत्तराचेही डोळे भरले होते, पण तिने ते मनगटाने पुसले.

"मामा, नंतर रड. टाका कुठून सुरू होतो ते सांग."

मामाने नाक ओढलं. म्हणाला, घोट्याखाली गाठ आहे बघ. कच्चा धावदोरा घातलाय, तू परत आलीस की काढणारच होतो. गाठ तोड आणि ओढ.

सरांनी कात्री दिली. उत्तराने गाठ तोडली, दोरा ओढला आणि माझी कड सरसर उघडली. दुखलं मला, पण बरंही वाटलं. पट्टी बाहेर आली, उघडी कड स्टिकला गुंडाळायच्या चिकटपट्टीने घट्ट बंद झाली, आणि पंच बाईंनी तिसऱ्यांदा चौकट लावली. मी पार झालो. काढलेली पट्टी कुठे ठेवावी ते सरांना सुचेना, म्हणून ते गार बाकावर तीच खाली घेऊन बसले.

आता तुम्हाला वाटेल, माझी काळजी मिटली. कुठली मिटते! आता दुसरी लागली. माझी कड परत पातळ झाली होती, आणि तिच्या पायावरचा डाग अजून तिथेच होता. यजमान मुली वाऱ्यासारख्या यायच्या. दोन गोल आम्ही खाल्ले. आमच्या मुलींनी तीन केले. शेवटी शेवटी तर सगळा खेळ आमच्याच गोलापुढे आला. एवढ्या गर्दीतून एक मुलगी सुटली आणि तिने डाव्या बाजूला, खाली, सणसणीत फटका मारला. उत्तराने पाय पसरून स्वतःला बर्फावर लोटून दिलं. पक माझ्या कडेवर आला. नेमका तिथेच, जिथून पट्टी काढली होती.

मी अडवला तो. पण त्याचा सगळा मार मला नाही पेलला. अर्धा तिच्या नडगीने घेतला. तिच्या तोंडून इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दुखल्याचा आवाज निघाला, छोटासा, आणि तो माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नाही. मग भोंगा वाजला आणि सगळ्या मुली येऊन आमच्या अंगावर पडल्या. "रिक्षा, रिक्षा" असं त्या पुन्हा ओरडत होत्या, पण या वेळी गळ्यात पडून.

दिव्याला आलो तेव्हा मामा स्टेशनवर आला नव्हता. शालूने सांगितलं की दादा त्या दिवसापासून धड जेवलेला नाही, सामना जिंकल्याचं कळवलं तरी नुसता हूं म्हणाला. उत्तरा घरी न जाता तशीच दुकानात गेली. तिने गळ्यातलं ब्राँझचं पदक मशीनवर ठेवलं आणि मला मामाच्या मांडीवर ठेवलं. मामाने पदकाकडे पाहिलंच नाही. तो माझ्या कडेवरून अंगठा फिरवत होता. तिथे पकचा काळा व्रण उठला होता, आणि आत फोम नव्हता, हे मामाच्या अंगठ्याला कळलं.

"इथं बसला?" त्याने विचारलं.

मला वाटलं, आता ही म्हणणार, काही नाही मामा, जिन्यावर आपटले. उत्तराने स्टूल जवळ ओढलं. मग स्टुलावर बसली, पँट वर केली, मामाचा हात धरला आणि तो जांभळ्या डागावर अलगद ठेवला.

"लागलं मामा. खूप लागलं. पण आत नाही जाऊ दिला."

मामा रडला. ती पण रडली. शालू दारातच पाठ फिरवून उभी राहिली. मग मामा उठला, आत जाऊन टेप घेऊन आला आणि तिला म्हणाला, "माप सांग. त्या मापात काय बसतंय ते बघू." दोघं संध्याकाळपर्यंत माझं पोट उघडून बसली होती. जाड फोम काढून त्यांनी पातळ पण घट्ट फोम भरला, आणि मी मापात राहिलो.

त्याला आता काही काळ लोटला. उत्तरा मोठी झाली, तिला मोठ्यांचे पॅड मिळाले. आमच्यावर मध्यंतरी धूळ बसली, एकदा उंदराने माझा पट्टाही कुरतडला. पण रविवारी ती येते, आम्हाला काढून माजिवड्याला नेते आणि एका नव्या, चिमुरड्या गोलीच्या पायाला बांधते. बांधताना प्रत्येक वेळी विचारते, कुठे दुखतंय का? खरं सांग.

मित्रांनो, मला जपा असं काही मी सांगणार नाही. मी रेग्झिनचा, फाटलो तर मामा शिवेल. पण तुम्हाला लागलं तर ते जिन्यावर ढकलू नका. आणि कुणाला जीव लावलात तर त्याला न विचारता, शटर ओढून त्याच्यासाठी काही शिवू नका. त्या दुपारी मला सगळं माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. तुम्हाला तोंड आहे ना, मग बोला.