पिवळी खूण

दीपमाला येण्याआधी नम्रता त्या साइटवरची एकटीच मुलगी होती, आणि तिला ते आवडत होतं. हिंगोलीच्या आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून ती पुण्यात लोखंडी इमारती उभ्या करणाऱ्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागली, तेव्हा हिंजवडीच्या त्या साइटवर माणसं तिला बघायला थांबायची. तिचा हेल्मेट घातलेला फोटो ऑफिसच्या फळ्यावर लागला. आईने तो मोबाइलवर घेऊन गल्लीभर दाखवला. तिला काम शिकवणारे उस्ताद नागोराव कौतुकाला फार कंजूष, पण एकदा साहेबांसमोर तेही म्हणाले होते, "पोरगी नेटाची आहे."

चार महिन्यांनी दीपमाला आली. पुण्याजवळच्या मांजरी गावची, उसाच्या रानात वाढलेली, बोलणं सगळं हाय-न्हायचं. तिला चढायला शिकवावंच लागलं नाही. नम्रताचे पाय तिसऱ्या मजल्यावर अजूनही लटपटायचे आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती धडपडायची. ही बाई मात्र हार्नेसचा हुक अडकवून घरच्या माडीवर निघाल्यासारखी वर जायची. क्रेनने सोडलेला बीम दोरीने जागेवर आणायचा, भोकाशी भोक जुळलं की पिन ठोकायची, बोल्ट घालून पान्याने आवळायचे आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची खूण करायची, असं ते काम. दीपमालाच्या हाताखाली भोकं पहिल्या खेपेलाच जुळायची. महिन्याभरात उस्तादांनी तिला वरच्या जोडणीवर घेतलं. नम्रता खाली दोरी धरायला.

"हिला सांगावं लागत नाही," उस्ताद हसत म्हणाले. नम्रताशी ते कधी हसून बोलले नव्हते.

फळ्यावर दीपमालाचा फोटो लागला, बीमवर बसलेला, मागे मोकळं आभाळ. नम्रताच्या फोटोचा अर्धा भाग त्याच्याखाली गेला. आसपास कुणी नाही असं बघून नम्रताने टाचण्या काढल्या आणि आपला फोटो वर लावला. दुसऱ्या दिवशी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, याचंच तिला जास्त लागलं.

"ती दुसरी पोरगी कशी आहे गं?" आईने फोनवर विचारलं.

"आहे बरी," नम्रता म्हणाली आणि भाजी काय केलीस ते विचारलं.

ती दीपमालाच्या चुका शोधू लागली. पाच मिनिटं उशीर, फाटका हातमोजा, काहीही. आणि एका गुरुवारी तिला हवी तशी चूक सापडली. बोल्टची पिशवी घेऊन ती चौथ्या मजल्यावर गेली होती. दीपमालाने सकाळी बसवलेल्या बीमच्या टोकाला चार बोल्ट होते, चारींवर पिवळी खूण. नम्रताने सहज एका नटाला बोटं लावली, तर नट फिरला. दुसराही फिरला. पाना लागलेलाच नव्हता.

तिने नट होता तसाच सोडला. जेवणानंतर तपासणीला इंजिनिअर येणार होते. त्यांना सापडू दे, तिने ठरवलं. सगळ्यांसमोर सापडू दे. ती खाली आली आणि डबा उघडला. समोर दीपमाला सगळ्यांना लोणचं वाटत होती. नम्रताने तेही घेतलं.

पण इंजिनिअर आलेच नाहीत. त्यांना दुसऱ्या साइटवर जावं लागलं आणि क्रेन मोकळी होती, म्हणून उस्ताद म्हणाले, "पुढचा बीम चढवू. दीपमाला, चल वर." पुढचा बीम त्याच बीमवर टेकणार होता.

नम्रताने दोरी धरली. सांग, ती स्वतःला म्हणत होती, आत्ता सांग. पण मग कधी बघितलंस, हे विचारतील. दीपमाला बीमवरून सरकत टोकाकडे निघाली, उस्ताद तिच्या मागे. क्रेनला लटकलेला बीम खाली येऊ लागला.

"थांबवा!" नम्रता ओरडली. आवाज फाटला. "क्रेन थांबवा! ते बोल्ट ढिले आहेत!"

क्रेन थांबली. उस्ताद हळूहळू मागे सरले, त्यांनी दीपमालालाही मागे घेतलं, मग खांबाच्या बाजूने जाऊन बोल्ट तपासले. खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"रंग आधी लावला," दीपमाला पुटपुटली. "बोलावनं आलं म्हनून गेले, आन् पाना राहिला. माझीच चूक हाय."

उस्ताद नम्रताकडे वळले. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "जेवायच्या आधी," ती म्हणाली.

राकेश नावाचा क्रेनवाला केबिनमधून वाकून बघत होता, त्याने मान फिरवली. उस्तादांनी दीपमालाला पंधरा दिवस खाली ठेवलं. नम्रताला महिनाभर, बोल्टची पिशवी घेऊनही वर जायचं नाही.

संध्याकाळी बस-स्टॉपवर दीपमाला तिच्याजवळ येऊन उभी राहिली. ती भांडेल म्हणून नम्रता तयारच होती.

"एवढं काय वाकडं केलंय मी तुझं?" दीपमालाने विचारलं.

"काहीच नाही," नम्रता म्हणाली. ते खरं होतं, आणि म्हणूनच सांगायला अवघड. "तू आलीस, एवढंच."

"वरडलीस म्हनून उभी हाय इथं," दीपमाला म्हणाली. "पर आधीचं मी इसरनार न्हाय." मग तिची बस आली.

महिना संपल्यावर उस्तादांनी काही न बोलता नम्रताच्या हातात पाना ठेवला आणि तिला सहाव्या मजल्यावर नेलं. बीमच्या दुसऱ्या टोकाला दीपमाला होती. तिची पिन एका ठोक्यात बसली. नम्रताची भोकं अर्ध्या बोटाने चुकत होती. तीन ठोके, चार ठोके. पोटात तीच जुनी आग पेटली, जराही कमी न होता. तिने हातोडी खाली केली.

"दीपमाला," तिने हाक मारली. "तू पिन आधी वरच्या भोकात घालतेस का खालच्या?"

दीपमालाने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"खालच्या," ती म्हणाली. "आन् दोरी जरा ढिली सोडायला सांग."