धोंडीबाचा उचललेला हात

चऱ्होलीत केसरबाईंच्या अंगणात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. शेजारच्या टॉवरच्या बाल्कन्यांतूनही माणसं मोबाइल उगारून वाकली होती. मधोमध पाटावर छायानाथ महाराज बसलेले. कपाळभर भस्म, हातात चिमटा, पुढ्यात भगव्या कापडानं झाकलेला प्लॅस्टिकचा ट्रे. त्यात म्हणे तीर्थ!

"कागद कोरा आहे ना? सगळ्यांनी बघा!" महाराजांनी चिमट्यात धरलेला कागद गर्रकन फिरवला. "दोन महिन्यांपूर्वी गेलेला धोंडीबा याच्यावर उतरणार. ये बाबा, ये! तुझी घरधनीण ताटकळलीय!"

कागद तीर्थात बुडाला आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. "पाताळाच्या वाटेचा वास आहे हा," महाराज म्हणाले. लोकांनी एका हातानं नाक धरलं, दुसरा कपाळाला लावला. बघता बघता कागदावर तपकिरी धोंडीबा उगवला! स्वतःच्या दारात उभा, उजवा हात बाहेरच्या दिशेनं उचललेला.

केसरबाईंनी हंबरडा फोडला.

"बघ माय, तो हात दाखवून सांगतोय, जागा सोड. वास्तूला बाधा आहे. अमावास्येला पुन्हा बोलावतो त्याला, मग विक्रीच्या कागदावर सही कर आणि मोकळी हो."

शेजारी धोंडीबाचा पुतण्या नवनाथ मान डोलावत होता. बिल्डरचा माणूस वर्षभर याच नवनाथच्या गाडीतून गावभर हिंडत होता, पण भक्तीच्या भरात ते कोणाला आठवणार!

गर्दीत कॅमेरा घेऊन सादिका उभी होती. चिखलीच्या इब्राहिम मेकॅनिकची मुलगी. काही वर्षं ती या पट्ट्यातल्या माणसांचे त्यांच्या त्यांच्या दारात फोटो काढत होती. वर्कशॉपचं दार, चाळीचं दार, उद्या पाडायच्या घराचंही दार. फिल्मवर काढायचे, घरच्या मोरीत अंधार करून हातानं छापायचे आणि एक फोटो त्या माणसाला नेऊन द्यायचा, हा तिचा शिरस्ता. वास आला तशी ती दचकलीच. हा तर तिच्या मोरीतला वास! आणि तो धोंडीबाही तिनंच टिपलेला.

केसरबाईंना तिनं दोघांचा ओट्यावर बसलेला फोटो दिला होता. हात उचललेला हा दुसरा फोटो पिंपळे गुरवच्या प्रदर्शनात लावला होता, तिथून तो चोरीला गेला. धोंडीबा नुकताच गेलेला, केसरबाई तेव्हा उंबरा ओलांडत नव्हत्या. त्यांच्या घरातून प्रदर्शन बघायला आला होता एकटा नवनाथ.

सादिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिथंच ओरडली असती तर लोकांनी तिलाच हाकललं असतं. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि महाराजांचा छान फोटो काढला. महाराजांनी पोझसुद्धा दिली!

अमावास्येच्या सकाळी अंगण पुन्हा भरलं. सादिका सरळ पुढे आली. "महाराज, आज माझा कोरा कागद घ्या."

"ही कोण? आमच्या देवाधर्मात हिचं काय काम?" नवनाथ खेकसला.

"माझ्या दारात आलीय ती," केसरबाई म्हणाल्या. "बोलू दे तिला."

"तीर्थ तुमचं, चिमटाही तुमचा. मग घाबरता कशाला?" असं म्हणत सादिकानं चिमटा उचलला आणि कागद बुडवला. तोच वास. कागदावर आधी दाढी आली, मग भस्म, मग पाटावर बसलेले साक्षात छायानाथ महाराज!

"अरं तिच्या! महाराज वारले व्हय?" मागून कोणीतरी विचारलं आणि अंगणभर हसू फुटलं.

सादिकानं सगळं उघड करून सांगितलं. छापलेला फोटो एका रसायनात धुतला की चित्र दिसेनासं होतं, पण कागदात दडून राहतं. या दुसऱ्या रसायनात टाकलं की तपकिरी होऊन परत येतं. "तांब्याचं भांडं काळं पडेल म्हणून प्लॅस्टिकचा ट्रे. हात भाजेल म्हणून चिमटा. आणि ही धोंडीबाबांच्या फोटोची निगेटिव्ह, उजेडात धरून बघा."

"तीर्थ हाय ना?" केसरबाईंनी महाराजांपुढे पळी धरली. "मग घ्या की एक पळी."

महाराज पाटावरून उठून मागे सरकले.

"नको आजी, विष आहे ते," सादिका म्हणाली.

"पण चुलत्यानं हात तर दाखवलाय ना!" नवनाथ ओरडला. "जा म्हणतोय तो!"

"म्हणालेच होते. तुमच्या बिल्डरच्या माणसाला!" सादिकाचा आवाज चढला. "तो समोर उभा होता. धोंडीबाबा त्याला म्हणाले, 'निघ हितनं! मी हाय तवर जागा देणार न्हाई, आन् मी गेल्यावर केसर हाय.' तेव्हाच मी फोटो काढला."

केसरबाईंनी डोळे पुसले. दारात, धोंडीबा उभा होता त्याच जागी त्या उभ्या राहिल्या आणि महाराजांकडे, नवनाथकडे बघून त्यांनी हात उचलला.

"निघा! केसर हाय अजून." मग सादिकाकडे वळल्या. "काढ फोटो, पोरी."

ते दोन्ही फोटो आता त्या घरात शेजारी शेजारी लागले आहेत, आणि घरही जागच्या जागी आहे. उद्या तुमच्याही अंगणात कोणीतरी कोरा कागद घेऊन येईल. हात जोडायच्या आधी तोंड उघडा, बाबांनो! हा वास कशाचा, ते विचारा. आणि मी माझं दार सोडलं तर त्या दारातून आत कोण शिरणार, तेही विचारा.