निभावून नेतात

तो मंगळवार इतर मंगळवारांसारखाच होता. अलास्कातल्या बेथेल गावी, धावपट्टीलगतच्या शेडमध्ये बाबा विमानात डायपर, तांदळाची पोती आणि शाळेचं दूध चढवत होते. नदीच्या वरच्या गावांना रस्ता नाही. जे जातं ते विमानानं. बाबांची दोन लहान मालवाहू विमानं होती. मी अँकरेजहून संघटनेच्या कामाला आले होते. अशा छोट्या मालवाहू कंपन्यांच्या या संघटनेसाठी त्यांची बाजू सरकारपुढे मांडायची, पत्रं लिहायची, ही माझी नोकरी.

वरच्या एका गावातलं, ढग किती खाली आहेत हे वैमानिकांना कळवणारं हवामान यंत्र चौदा महिने बंद होतं. म्हणून बाबांनी नेहमीसारखा तिथल्या दुकानात फोन लावला.

"ओल्गा, टेकडी दिसते का गं?"

"अर्धी."

"कुठली अर्धी?"

"खालची. वरची कुणी पळवली असेल तर मला विचारू नकोस."

"म्हणजे दिसते. सरळ सांगायला काय होतं, म्हातारे?"

"म्हातारा तू. दूध आण, आणि मागच्यासारखं गोठलेलं नको."

मीही हसले. बाबा गेले. टेकडीच्या वरच्या अर्ध्या भागावर विमान आदळलं.

अंत्यविधीला यंत्रं सांभाळणाऱ्या खात्याकडून फुलं आली. दोन दिवसांत आली. यंत्राचा सुटा भाग चौदा महिन्यांत आला नव्हता.

सहा आठवड्यांनी अँकरेजला अपघाताची सुनावणी झाली. माझ्या शेजारी कर्ट, आमच्या संघटनेचा संचालक. समोर खात्याचा अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, आवाजात साखर.

"आम्हाला अत्यंत दुःख आहे. पण दुरुस्तीचा क्रम गरजेनुसार लागतो. या गावाबद्दल तुमच्याच संघटनेचं पत्र आहे." चष्मा लावून त्यानं वाचलं, "'यंत्र बंद असलं तरी आमचे अनुभवी वैमानिक गावकऱ्यांना विचारून निभावून नेतात.'" मग कागद खाली ठेवला. "म्हणून हे गाव यादीत खाली गेलं."

वाक्य माझं होतं. कर्ट तेव्हा म्हणाला होता, "रडगाणं नको, डोरा. विमानं थांबतात असं लिहिलंस तर सरकारी डाक नेण्याचं काम दुसऱ्याला देतील." मग मी ते रुबाबात लिहिलं. बाबांनी ते वाचून मान डोलावली होती. "आपल्या माणसांबद्दल बरं लिहिलंस." माझ्या लिहिण्याला त्यांनी बरं म्हटलं ते तेवढंच.

मी उभी राहिले. कर्टनं बाही ओढली.

"बस खाली. वर्षभर यांच्याच दारात जायचंय आपल्याला."

"तू जा," मी म्हणाले.

अधिकारी माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती, आणि तिचाच मला सर्वात जास्त राग आला.

"ते वाक्य मी लिहिलंय," मी म्हणाले. "खोटं लिहिलंय. ते तुम्हाला सोयीचं होतं म्हणून तुम्ही खरं मानलंत. चौदा महिन्यांत तुमच्यातला एक माणूस तिथं गेला नाही. माझे वडील आठवड्यातून चारदा जात. परत आले की विमानातून लगेच उतरत नसत. दहा-दहा मिनिटं आत बसून राहत, हात मांड्यांखाली दाबून. मी तिकडे गेले की शेडमधून बघायचे आणि कागद चाळत असल्याचं नाटक करायचे."

कर्टनं माझी बाही सोडली.

"त्यांना भीती वाटायची," मी म्हणाले. "मला माहीत होतं."