स्टँडमध्ये न बोलायची गोष्ट

शुक्रवारी हरलो, शनिवारी हरलो. म्हणजे हंगामाची सुरुवात नेहमीसारखीच झाली. शुक्रवारी पाच धावांची आघाडी आमच्या हेरॉन्स या बेसबॉल संघाने नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये उधळली. शनिवारी आघाडी घेतलीच नाही, त्यामुळे उधळायचा प्रश्न आला नाही. एप्रिलमध्ये तळ्यावरून बोचरा वारा येतो आणि आमचा संघ माती खातो, हे लग्नाच्या आधीपासून बघत आलोय. चिडायचासुद्धा कंटाळा येतो आता.

या वेळी माझं अर्धं लक्ष मैदानावर नव्हतंच. शेजारच्या खुर्चीवर होतं, बर्नीवर.

बर्नी माझी बायको. हा खेळ मला वडिलांनी दाखवला, पण शिकवला हिने. गेल्या वर्षापासून तिचं डोकं साथ देत नाही. गॅस चालू ठेवते, बहिणीचं नाव विसरते. जानेवारीत नुसत्या नाइटगाउनवर बर्फात उभी राहिली होती. लोरेन, आमची मुलगी, म्हणते की आईला आता केअर होममध्येच ठेवायला हवं.

"मॅच बघताना ती अगदी पूर्वीसारखी असते," मी तिला म्हटलं होतं. "ज्या दिवशी तिला मॅच कळेनाशी होईल, त्या दिवशी मीच तुला फोन करीन."

"नक्की ना, डॅड? मग तुम्ही टाळाटाळ करणार नाही?"

"नाही करणार."

शुक्रवारी पहिल्याच इनिंगमध्ये बर्नीने विचारलं, "ते निळे कोण रे?" निळे म्हणजे आम्हीच. मी मनाशी म्हटलं, यंदा शर्टाच्या बाह्या बदलल्यात, चुकतं माणूस. शनिवारी ती मॅचभर गोधडी गुंडाळून झोपली. अर्धं स्टेडियम झोपलं होतं. दोन दिवस मी वकिलासारखी तिची बाजू लढवत होतो, आणि लोरेन तिथे नव्हतीसुद्धा.

रविवारी दुपारी सालदान्या नावाच्या नव्या पोराने पिचिंग केलं. पहिलीच मॅच त्याची. टेनेसीचे पाहुणे बॅट फिरवायचे आणि मान खाली घालून परत जायचे. पाच इनिंग झाल्या, एकालाही हिट मिळाली नव्हती, म्हणजे चेंडू मारून कुणी पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं. मागच्या रांगेतला ऑरव्हिल गप्प झाला, तेव्हा सगळ्या स्टँडच्या लक्षात आलं. हा माणूस कित्येक वर्षं माझ्या कानामागे बडबडत आलाय. पण पिचर असा हिट न देता चालला असेल, तर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बोललं की दृष्ट लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझ्या मेहुण्याला, जीनला, तेवढं माहीत नव्हतं. एकदा तो अशा मॅचमध्ये बोलून बसला, पुढच्याच चेंडूवर हिट गेली, आणि बर्नीने त्या वर्षी त्याला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावलं नाही. सख्ख्या भावाला.

आणि आज ती ताठ बसली होती. हात मांडीवर, नजर सालदान्यावर, तोंड घट्ट मिटलेलं. सहावी इनिंग गेली, सातवी गेली. ती एक शब्द बोलली नाही. मला इतका आनंद झाला की स्कोअरबोर्ड धूसर दिसायला लागला. हिला कळतंय. गप्प बसायचं, हे कळतंय म्हणजे सगळं कळतंय. लोरेनला काय काय सुनवायचं, ते मी मनात जुळवायला लागलो.

आठव्या इनिंगमध्ये एक जण बाद झाला. सगळे श्वास धरून बसले होते. बर्नी माझ्याकडे वळली आणि हल्ली बोलते तशा मोठ्या, खुशीच्या आवाजात म्हणाली, "कॅझ, या लोकांना अजून एकसुद्धा हिट मिळाली नाही. बघितलंस?"

चार रांगांमधल्या माना वळल्या. सालदान्याने चेंडू टाकला आणि तो पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून सरपटत गवतात गेला. हिट. सगळं स्टेडियम कण्हलं.

पुढच्या रांगेतला एक तांबड्या जाकिटातला माणूस उभा राहिला. "कोण बोललं ते?"

"मी," मी म्हटलं. "म्हातारा झालोय. तोंडावर ताबा राहत नाही."

मागून ऑरव्हिल म्हणाला, "हाच बोलला. मी ऐकलं. याच्या तोंडात पुढच्या वेळी आख्खा हॉटडॉग कोंबतो, बस तू खाली." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बर्नी माझ्याकडे रागाने बघत होती. अगदी खऱ्या, जुन्या रागाने.

"असं बोलतात का, कॅझ?" ती म्हणाली. "एवढी वर्षं येतोयस. जीनसारखं करून ठेवलंस."

मी सॉरी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दोन-शून्यने जिंकलो. हंगामातला पहिला विजय. लोक टोप्या उडवत होते आणि मला नुसतं थकल्यासारखं झालं होतं. पार्किंगमध्ये बर्नीला गाडीत बसवलं, पट्टा लावला, दार लावलं आणि बाहेर उभं राहून लोरेनला फोन केला.

"हरलो का पुन्हा?" तिने विचारलं.

"जिंकलो. ऐक, ती तू म्हणत होतीस ती जागा. मंगळवारी बघायला जाऊ."

"डॅड, आईला मॅच कळली नाही का?"

"मॅच कळली गं. कुणी तोंड उघडलं म्हणून बिघडली, तेही कळलं. फक्त ते कोण बोललं, ते नाही कळलं."

बर्नीने माझ्याशी अबोला धरला होता. घरी जाताना वाटेतल्या पुलापर्यंत तो टिकला. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मॅचला उशीर तर नाही ना होणार आपल्याला?"

"नाही होणार," मी म्हटलं.