बाल्कनीची खोली

"खालच्या उतारावर बर्फ असेल ना हो, बुर्गी? की गेल्या खेपेसारखं स्की खांद्यावर घेऊन चिखल तुडवायचा?" फोनवर वीगांटबाई हसत होत्या.

बुर्गीने पिठाचा हात एप्रनला पुसला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं कुरण दिसत होतं. नोव्हेंबर संपत आला तरी ते तपकिरीच होतं.

"अजून पडलेला नाही," ती म्हणाली. "पण पडेल."

"पडायलाच हवा. आम्ही इथे कासेलला टेबलावर नकाशा पसरून बसलोय. ह्यांचा गुडघा नवा बसवलाय ना, तर यंदा थेट वरच्या टप्प्यावरून उतरणार म्हणतात. मी म्हटलं, तुम्ही उतरा, मी आपली बाल्कनीच्या खोलीत बसून डोंगर बघत कॉफी पिते. खरं सांगू? वर्षभर मी त्या एका खिडकीवर दिवस काढते."

बुर्गीने वाक्य तयार ठेवलं होतं. भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना ते पुनःपुन्हा म्हणून पाहिलं होतं. वीगांट दांपत्य तिच्याकडे उतरायला लागलं तेव्हा बाईंचे केस काळेभोर होते. इतक्या वर्षांत तिने त्यांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

"वीगांटबाई, ऐका. या वर्षी ती खोली…"

फोनमध्ये खट् असा आवाज झाला. वरच्या मजल्यावरचा फोन उचलला गेला होता. घरात तिच्या नवऱ्याशिवाय, विन्त्सेन्झशिवाय, दुसरं कोणी नव्हतं. त्याला हाक मारण्याइतकी ताकद राहिली नव्हती, म्हणून तिनेच तो फोन त्याच्या उशाशी ठेवला होता.

"खोली तयार आहे," तो म्हणाला. "सव्वीस तारखेपासून. दर वर्षीसारखी."

"विन्त्सेन्झ! आवाज किती बसलाय तुमचा."

"सर्दी. आमच्याकडची सर्दी एकदा आली की वसंतापर्यंत मुक्काम ठोकते. तुम्ही या. आणि साहेबांना सांगा, गुडघा नवा असला तरी पत्त्यांचा डाव जुनाच राहिलाय. हरायची तयारी ठेवून या म्हणावं."

बुर्गी वर बाल्कनीच्या खोलीत गेली तेव्हा तो फोन छातीवर ठेवून पडला होता. तेवढ्या बोलण्याने त्याच्या गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जात होता. डोळ्यांतला पिवळेपणा उजेडात जास्त दिसत होता.

"मी नाही म्हणणार होते," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर उचलला."

"आणि तू कुठे झोपणार?"

"डॉक्टर तुला जिन्यात काय म्हणाला?"

तिने त्याच्या छातीवरचा फोन उचलून जागेवर ठेवला.

"तुम्हाला वाटतं मला ऐकू येत नाही. घर मी बांधलंय, बुर्गी. कुठल्या फळीतून काय ऐकू येतं ते मला कळतं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणाला. मग चर्च, दफन, लोकांची जेवणं, धर चार दिवस. त्यानंतर खोलीला हवा द्यायला आठवडा. सव्वीसला बाई निवांत येतील."

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का?"

"आयुष्यात मी कुणाची ठरलेली खोली रद्द केली नाही. आता जाता जाता करू?"

खोली त्याने लग्नानंतरच्या उन्हाळ्यात स्वतः बांधली होती. पाइनच्या फळ्या, रुंद खिडकी, पुढे बाल्कनी आणि थेट समोर कोगल डोंगर. गावातल्या सगळ्या घरांसारखीच त्यांच्या घराचीही रीत होती. सीझन सुरू झाला की वरच्या खोल्या पाहुण्यांच्या आणि घरची माणसं खाली, धुण्याच्या खोलीमागे, बॉयलरशेजारी. गेर्लिंडे, त्यांची मुलगी, त्या बॉयलरच्या उबेतच रांगायला शिकली. आपल्या खोलीत झोपायला मिळायचं ते एप्रिल-मेच्या चिखलात आणि नोव्हेंबरच्या धुक्यात, म्हणजे डोंगर बघायला कुणी येत नाही तेव्हा. हिवाळ्यात विन्त्सेन्झ दिवसभर डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर लोकांना पाळण्यात बसवून द्यायचा आणि संध्याकाळी तळघरात उतरायचा. आपल्या खिडकीतून बर्फातला कोगल त्याने एकदाही पाहिला नव्हता. यात काही वावगं आहे असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

ती त्याची उशी सरळ करत होती तेव्हा तो म्हणाला, "एकच होतं. इथून पडून बर्फ बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं."

"मग तो पडेपर्यंत थांब," बुर्गी म्हणाली.

डिसेंबरभर दक्षिणेकडचा गरम वारा वाहिला. दुपारी आठ-दहा अंशांपर्यंत पारा चढायचा. गोठणबिंदूच्या खाली गेल्याशिवाय बर्फ फेकणारी यंत्रंही चालत नाहीत, त्यामुळे ती उतारावर नुसती माना वाकवून उभी होती. कोगलचा माथा तेवढा पांढरा होता. बाकी सगळा डोंगर ओल्या कुत्र्याच्या रंगाचा.

विन्त्सेन्झ थांबला. महिन्याच्या मध्याला डॉक्टर आला, नाडी धरून बराच वेळ बसला आणि जिन्यात न बोलता तिथेच म्हणाला, "काळीज फार चिवट आहे तुमचं."

नाताळच्या दिवशी विन्त्सेन्झने तीन चमचे सूप घेतलं. मग बुर्गीकडे पाहून म्हणाला, "चुकलं गं माझं गणित."

गेर्लिंडे खोलीच्या दारात उभी होती. गावातल्या स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात ती काम करायची. तेवढी एकच सुट्टी तिला मिळाली होती. "आई, आत्ताच्या आत्ता फोन कर त्यांना. खरं काय ते सांग."

"कुठे जातील ते? सगळं गाव भरलंय. आपल्याही बाकीच्या खोल्या भरल्यात."

"घरी राहतील. एक वर्ष नाही आले तर मरतात का?"

"गेर्ली," विन्त्सेन्झ म्हणाला. "वर्षभर या एका आठवड्याची वाट बघतात ती माणसं. त्यात माझं दुखणं कशाला? मला खाली न्या. तिथे ऊब असते. आणि त्यांना सांगायचं, तो भावाकडे गेलाय."

"बाबा, तुम्ही म्हणजे ना…" गेर्लिंडेने वाक्य पुरं केलं नाही.

दोघींनी त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून उतरवलं. तो इतका हलका झाला होता की वजन खुर्चीचंच वाटत होतं. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. भिंतीला घासून, तिरकी करून काढावी लागली.

"वळण वीतभर जास्त रुंद ठेवायला हवं होतं," तो म्हणाला. "तेव्हा लाकूड वाचवलं."

त्याला निजवून बुर्गी वर गेली. कोपरा न् कोपरा व्हिनेगरच्या पाण्याने पुसला, गादी उलटली, औषधाच्या बाटल्या टोपलीत भरल्या. दिवसभर खिडकी उघडी टाकली. शेवटी उशांवर एकेक चॉकलेट ठेवलं.

"विन्त्सेन्झ कुठे दिसत नाहीत?" दुसऱ्या दिवशी कोट काढता काढता वीगांटबाईंनी विचारलं.

"इन्सब्रुकला गेलाय. भाऊ आजारी आहे."

"सणासुदीला? अरेरे. आणि ह्यांचा पत्त्यांचा डाव?"

"राहिला," बुर्गी म्हणाली.

अठ्ठावीसच्या सकाळी ती कॉफी घेऊन खाली गेली तेव्हा बॉयलरच्या खोलीत रोजच्यापेक्षा अंधार होता. तिथली ट्रेएवढी खिडकी जमिनीलगत होती. गावात बर्फ पडला की आधी ती बुजायची.

"पडला?" विन्त्सेन्झने विचारलं.

"पडला."

"किती?"

"गुडघाभर. अजून पडतोय."

वर, बरोबर डोक्यावर, अनवाणी पावलं खिडकीकडे धावली. "अहो, उठा की! बघा तरी!" वीगांटबाईंचा आवाज फळ्यांतून स्पष्ट खाली आला.

"बाईंना आवडला," विन्त्सेन्झ म्हणाला. जणू त्यानेच मागवला होता.

पाहुणे स्की घेऊन बाहेर पडले. बुर्गीने दुकानात फोन केला. दुकानात रांग दारापर्यंत आली होती, तरी गेर्लिंडे मालकाला काहीतरी सांगून दुकानाचं जॅकेट न काढताच आली. पुन्हा खुर्ची, पुन्हा ते वळण. वर नेताना ते जास्तच अरुंद वाटलं.

खोलीत वीगांटबाईंचा नाइटगाऊन दाराला लटकत होता. हीटरवर लोकरी मोजे, टेबलावर गुडघ्याचं मलम आणि गेर्लिंडेच्या दुकानातला नकाशा. बुर्गी पलंगावरचं पांघरूण सारायला लागली तशी त्याने मान हलवली.

"नको. त्यांचं अंथरूण आहे."

म्हणून खुर्चीच खिडकीशी नेली. बर्फ थांबून ऊन पडलं होतं. कोगल पायथ्यापासून माथ्यापर्यंत उभा होता, इतका जवळ, की मधली दरी असल्याचं ध्यानात येत नव्हतं. विन्त्सेन्झ बघत राहिला. उजेडाने डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्याने ते मिटले नाहीत. गेर्लिंडे तोंड वळवून मोज्यांच्या जोड्या लावत बसली, गरज नसताना.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बाल्कनीवरचा बर्फ काढून टाका. कठड्याला भार होतो."

पाहुणे परतण्याआधी त्यांनी त्याला खाली नेलं. मग बुर्गी एकटी वर आली, गुडघ्यांवर बसली आणि गालिच्यात उमटलेले खुर्चीच्या पायांचे ठसे हाताने चोळून पुसले. मोजे पुन्हा होते तसे विसकटून ठेवले. दार ओढताना तिने जिन्यात कोणी नाही ना हे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची आणली तेव्हा त्याने हात हलवून नको म्हटलं. "बघून झालं."

पाहुण्यांची जायची सकाळ उजाडली. बुर्गी कॉफी घेऊन खाली गेली. विन्त्सेन्झ कुशीवर होता, भिंतीकडे तोंड करून. हात अजून पुरता गार झालेला नव्हता, पण बॉयलरजवळ काहीच लवकर गार होत नाही. तिने त्याला सरळ केलं, डोळे मिटले, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. गावात माणूस गेलं की पहिलं काम खिडकी उघडायचं. त्याच्या जिवाला बाहेर जायला वाट हवी. तिने खिडकीची कडी ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली. चौकट ओलीने फुगली होती आणि पलीकडे बर्फ दगडासारखा झाला होता. खिडकी हलली नाही.

वर बॅगा ओढल्याचे आवाज येत होते. बुर्गीने हात धुतले आणि अंडी उकडायला ठेवली.

"हे अंडं फक्त तुमच्याच घरी असं जमतं," वीगांटसाहेब म्हणाले. "वरच्या टप्प्यावरून तीनदा उतरलो, सांगा विन्त्सेन्झला."

"सांगते."

"आणि पुढच्या वर्षी तीच तारीख, तीच खोली हं, बुर्गी," वीगांटबाई म्हणाल्या.

बुर्गीने किटली टेबलावर ठेवली. "ती खोली आता देणार नाही."

"म्हणजे? दुसऱ्या कुणाला दिलीत?"

"नाही. आमची आहे ती."

वीगांटबाईंनी रुमाल घडी करून बशीशेजारी ठेवला. "इतकी वर्षं येतोय आम्ही. निदान आधी सांगायचं तरी."

"हो," बुर्गी म्हणाली. "आधी सांगायला हवं होतं."

निरोप घेताना त्यांनी या वेळी गळामिठी घातली नाही. गाडी वळणाआड गेली.

त्या खोलीत दुपारी हॉलंडचे पाहुणे यायचे होते. दर वर्षी या वेळी बुर्गी चादरी ओढून काढायची. आज तिने पलंगाला हात लावला नाही. उंबऱ्यावरचा बर्फ पायाने सारून तिने बाल्कनीचं दार आणि खिडकी सताड उघडली. कोगलवरची थंडी आत आली, पडदा हलला. मग ती खाली उतरत गेली आणि वाटेतलं एकेक दार उघडून त्याला पाचर लावत गेली. खोलीचं, जिन्यातलं, धुण्याच्या खोलीचं. सगळ्यांत शेवटी बॉयलरच्या खोलीचं.

ती पुन्हा वर यायला निघाली. जिन्याच्या वळणावर पोहोचली तशी थांबली, आणि भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभी राहिली.