चार मैलांची फट

"काका, आज सहा मैल मागायचे नाहीत हं," परीक्षकसाहेबांसाठी माझ्या पाठीमागे खुर्ची ठेवता ठेवता धाकटी माझ्या कानाशी पुटपुटली. धाकटी म्हणजे मनोऱ्यात माझ्या शेजारी बसून जमिनीवरची विमानं हाकणारी आमची सगळ्यात लहान सहकारी. मी हसल्यासारखं केलं.

धावपट्टी माझ्याकडे. ती एकच, आणि तिच्यावर उतरणारी विमानंही माझी, उडणारीही माझी. नियम कुणालाही कळेल असा आहे: पुढचं विमान उडून टोकापलीकडे गेल्याशिवाय मागच्याने धावपट्टीवर यायचं नाही. उतरणारी विमानं चार-चार मैलांच्या अंतराने येत असतात, त्या फटीत एक उडणारं बसवायचं. हाताशी मिनिट-दीड मिनिट असतं. सव्वीस वर्षांतली बावीस वर्षं मी हे काम बोलता बोलता केलं.

चार वर्षांपूर्वी अशाच फटीत सोडलेलं एक विमान धावता धावता मध्येच थांबलं. इंजिनात काहीतरी बिघडलं म्हणे. मागचं अगदी दारात आलेलं. ते त्याच्या डोक्यावरून घोंगावत निघून गेलं. कुणाला खरचटलंही नाही आणि चौकशीत माझा दोषही निघाला नाही. पण तेव्हापासून मी खाली रडारच्या खोलीत फोन करून सहा मैलांची फट मागायला लागलो. उडणाऱ्यांची रांग लांबते, वैमानिक कावतात, आणि मनोऱ्यात माझं नावच 'सहा मैल' पडलं. शेवटी वरून पत्र आलं: परीक्षकांसमोर चार मैलांत विमानं काढून दाखवा, नाहीतर खुर्ची सोडा.

"त्यात घाबरायचं काय? डोळे मिटून कराल तुम्ही," निघताना बायको म्हणाली. तिला काय सांगणार? ते थांबलेलं विमान मला जेवतानासुद्धा दिसतं.

पहिली दोन विमानं नीट निघाली. आवाज शाबूत होता. तिसऱ्याला धावपट्टीवर घेतलं, उडायची परवानगी दिली. वैमानिकाने ती परत म्हणून दाखवली, आणि विमान जागचं हललंच नाही.

पाच सेकंद गेले. दहा.

"हल ना बाबा," मी तोंडातल्या तोंडात म्हणालो. मागच्याचे दिवे आता काचेतून दिसत होते. मग पुढचं एकदाचं निघालं, पण उतारू भरलेली बस चढावर निघते तसं. मागचं दोन मैलांवर आलं. दीड. एक. आणि माझ्यासमोर ते चार वर्षांपूर्वीचं विमान पुन्हा थांबलं. मी डोळे मिटून घेतले. सुई बघून लहान मूल मिटतं, तसे घट्ट. किती वेळ ते देव जाणे. डोळे मिटलेलेच असताना माझ्या तोंडून मागच्यासाठी निघालं, "गो अराउंड!" म्हणजे उतरू नको, परत वर चढ.

डोळे उघडले तेव्हा पुढच्याची चाकं अजून जमिनीवरच होती, आणि मागचं नाक वर करून परत चढत होतं. मग सवयीने जीभ चालली. चढणाऱ्याला डावीकडे वळवलं, दुसऱ्याला उडाल्यावर सरळ काढलं. दोन्ही सुखरूप गेली.

"वा!" मागून परीक्षक म्हणाले. "शेवटपर्यंत वाट पाहिलीत आणि नेमक्या क्षणी परत पाठवलंत. लोक उगाच काहीबाही सांगतात तुमच्याबद्दल." त्यांनी खिशातून पेन काढलं. धाकटीने टेबलाखालून मला अंगठा दाखवला.

मी गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं निघाली असती. पण मला मघापेक्षा जास्त भीती वाटली. पुढच्या वेळी डोळे मिटले, आणि तोंडून शब्दच फुटला नाही तर?

"साहेब, सही करू नका. मी बघत नव्हतो."

"म्हणजे?"

"डोळे मिटले होते माझे. घाबरून. बोललो ते बरोबर निघालं, एवढंच."

पेन तसंच हवेत राहिलं. "अहो, मी तुमच्या मागेच बसलो होतो. मला काहीच कळलं नाही."

"हो ना. तुम्हालाही कळलं नाही, साहेब."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि हळूच म्हणाले, "उठा."

मी उठलो. धाकटी माझ्या खुर्चीत आली, धावपट्टीचा परवाना तिच्याकडेही होता; तिच्या जागी परीक्षक स्वतः बसले. मघाशी परत पाठवलेलं विमान फिरून पुन्हा उतरायला येत होतं, आणि अलीकडे एक उडायच्या तयारीत उभं होतं.

"काका," मान न वळवता धाकटी म्हणाली, "चार मैल आहेत. घालू का एक?"

तिला कुणालाच विचारायची गरज नव्हती, आणि मला तर नाहीच नाही. मी रडारच्या पडद्याकडे पाहिलं, मग काचेबाहेर.

"घाल, पोरी."

तिने परवानगी दिली. विमान सुटलं. मी तिच्या खुर्चीची पाठ धरली, आणि मागच्याची चाकं टेकेपर्यंत पापणी लवू दिली नाही.