काडेपेट्यांची गल्ली

महाबळेश्वरला पाऊस कोसळला की सांगलीत नदी चढते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गावात पडलेलं पाणी जातं कुठं, हे कुणी विचारत नाही. म्हणून भूगोलाच्या अमृत सरांनी दुसऱ्या वर्षाच्या पोरींना तेच काम दिलं. आपल्या भागाची शाडूची प्रतिकृती करायची, वर झारीनं पाऊस पाडायचा आणि पाणी नदीपर्यंत कसं पोचतं ते दाखवायचं. "पृथ्वीवर सुटं काही नसतं," हे सरांचं लाडकं वाक्य. ते सुरू झालं की पोरी पंख्याकडं बघत बसायच्या.

स्वानंदी आणि प्रांजलची जोडी जमली ती दोघी एकाच ओढ्याकाठच्या म्हणून. स्वानंदी वरच्या अंगाला, बंगल्यात राहणारी. प्रांजल खालच्या गल्लीत, पत्र्याच्या घरात. तिचे आईवडील मेंढरं विकून जतकडून इथं आलेले. वरचा भाग स्वानंदीनं केला, खालचा प्रांजलनं. प्रांजलनं काडेपेट्यांची घरं केली, प्रत्येकाला दार कापलं, स्वतःच्या घराला निळा रंग दिला. स्वानंदीनं आपला बंगला जिथं आहे तिथंच ठेवला आणि भोवतीची माती अंगठ्यानं दाबून सपाट केली. घरचं अंगण तसंच तर होतं. प्रांजलनं ते बघितलं आणि पुढच्या काडेपेटीचं दार कापायला घेतलं.

प्रदर्शनाच्या दिवशी स्वानंदीचे वडील, सुमंतराव, इस्त्रीचा सदरा घालून आणि मोबाइल सरसावून सगळ्यांच्या पुढं उभे राहिले. लेकीचं त्यांना भारी कौतुक. तितकंच कौतुक बंगल्याचं. गेल्या पुरात आमच्या पायरीला पाणी शिवलं नाही, हे ते अजून लग्नाकार्यात ऐकवतात.

सरांनी झारी धरली. पाणी ओढ्यातून शहाण्यासारखं उतरलं, बंगल्यापाशी आलं आणि अडलं. मग बाजूला वळून थेट काडेपेट्यांच्या गल्लीत घुसलं. निळं घर सगळ्यात आधी आडवं झालं.

"उतार चुकलाय तुमचा," सर म्हणाले. "पाणी ओढ्यानं जायला हवं. ओढा कुठं गेला पुढं?"

ओढा कुठं गेला ते स्वानंदीला त्या क्षणी कळलं. ती शाळेत असताना मुरमाचे डंपर येत होते आणि बाबा म्हणाले होते, आता अंगणात बॅडमिंटन खेळ. ती खेळली होती. पुढच्याच पावसाळ्यात खालची गल्ली पहिल्यांदा बुडाली आणि ही अरेरे म्हणून मोकळी झाली. तिचे कान तापले. समोर बाबांचा मोबाइल चालू होता.

"खालचा भाग प्रांजलनं केलाय, सर," ती म्हणाली. "तिच्याकडून जरा..."

बोलून गेली आणि तिची तिलाच किळस आली.

प्रांजलनं तिच्याकडं बघितलं नाही. "उतार बरोबर हाय, सर. आमच्यात पाणी असंच येतंय." बंगल्याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. खाली बसून ती भिजलेल्या काडेपेट्या एकेक करून ओढणीत घेऊ लागली.

तिनं चारचौघांत फैलावर घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं स्वानंदीला वाटलं. लाजेनं तिला मान वर करवेना. तिनं बंगला उचलला आणि त्याच्याखालच्या मातीत अंगठा खुपसून सरळ नदीपर्यंत ओढला. गल्लीतलं पाणी हळूहळू त्या चरात उतरलं आणि नदीकडं निघून गेलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर खूश झाले. "म्हणजे ओढा मुद्दाम बुजवला होता होय? छान कल्पना."

"मुद्दामच बुजवलाय, सर," स्वानंदी म्हणाली. "माझ्या बाबांनी. खराखुरा."

टाळ्या थांबल्या. सुमंतरावांनी मोबाइल खाली घेतला आणि ते खिसा चाचपत राहिले.

स्वानंदी प्रांजलशेजारी बसली. निळ्या काडेपेटीचं दार गळून पडलं होतं, ते उचलायला तिनं हात पुढं केला. प्रांजलनं ओढणी अलगद आपल्याकडं ओढली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आमाला सवय हाय."